गव्हाच्या कोठीतल्या सीडी

आम्हा नवरा-बायकोचं सोबतचं शेवटचं काम म्हणजे गव्हाला एरंडेल लावणं. अंगणात ताडपत्रीवर गहू पसरले होते. ती तळहातावर तेल घेऊन गव्हातून हात फिरवत होती अन् मी पत्र्याची कोठी पुसत होतो. काम दर वर्षीचंच, बोलणंही दर वर्षीचंच.

"अवो, कोठी पुसून राह्यले का गोंजारून राह्यले? जरा जोर लावा."

मग ती आत गेली अन् पोरानं दिलेल्या दोन सीडी घेऊन आली. पोरगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शेताचे कागद, आधार कार्डं, घरचे फोटो, चुलीपाशी काढलेले तिचे व्हिडिओ, सगळं त्यानं सीडीत भरलं होतं अन् वरून पासवर्डचं कुलूप घातलं होतं. एकीत जे, तेच दुसरीत. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. जाताना आईला सांगून गेला, "थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेव."

आमच्या घरात तशी जागा एकच, गव्हाची कोठी. तिथपर्यंत तिचं बरोबर होतं. पण वर्षभर टिकवायची वस्तू एरंडेलाविना कोठीत टाकायची, हे तिच्या हाताला पटेना. दोन्ही सीडींना तिनं दोन्हीकडून तेल चोळलं, फडक्यात सैल गुंडाळल्या अन् गव्हात खोल खुपसल्या.

"आता किडा नाही लागत," म्हणाली. मी मान डोलावली. मी चौथी शिकलेला माणूस. सीडीला किडा लागतो की नाही, मला काय माहीत!

त्याच आठवड्यात ती गेली. छातीत कळ आली, अन् गाडी येईपर्यंत सगळं संपलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कोठीचं झाकण मात्र मी उघडलं नाही. पीठ विकत आणून खाल्लं.

यंदा उन्हाळ्यात पोरगा आला तो तोंड पाडूनच. त्याचा कॉम्प्युटर जळाला होता. ज्या मोबाईलवर व्हिडिओ काढले, तो तर आधीच फुटला होता.

"बाबा, त्या सीडी कुठी हायेत? आईचा आवाज आता तेवढ्यातच हाये."

माझ्याजवळ तिचा फोटो आहे, आधार कार्डावरचा, चोरी करताना पकडल्यासारखा. पण आवाज नव्हता. तिचे शब्द आठवायचे, आवाज आठवेनासा झाला होता. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

कोठी उघडली. गव्हात हात घालून सीडी काढल्या. पोरानं बोट फिरवून वास घेतला.

"बाबा, हे काय? यावर भजे तळले काय?"

"तुह्या मायनं लावलं. किडा लागू नये म्हनून."

अन् आम्ही दोघंही असे हसलो, की कोठीला टेकवलेलं झाकण खणकन खाली पडलं. ती गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

त्याच्या नव्या कॉम्प्युटरला सीडी टाकायची जागाच नाही. रिसोडच्या एका फोटो स्टुडिओतून बाहेरून जोडायचं यंत्र मागून आणलं. त्यात सीडी घातली, तर ती घरघरली अन् जीभ काढावी तशी बाहेर आली. दुसरीनंही तेच केलं.

मग कोमट पाणी अन् भांड्याचा साबण. मी ताटलीसारखी गोल गोल पुसायला लागलो, तर पोरगा ओरडला, "गोल नाही बाबा! मधातल्या भोकापासून बाहीर, सरळ." या वयात भांडं पुसायची शिकवणी झाली. एका सीडीची वरची बाजू दाण्यांनी खरवडली होती. उजेडासमोर धरली तर आरपार टिपके दिसले. ती कामातून गेली. दुसरी मात्र चालली, अन् पडद्यावर चौकोन आला: पासवर्ड.

"टाक मंग."

"मले कुठी माहीत? आईनंच टाकला होता."

"तोडून टाक कुलूप. तूच लावलं नं?"

"बाबा, हे कुलूप तुटत नाही. म्हनून तं लावलं."

"वा रे लेका! अन् चावी मायच्या डोक्यात?"

नातवाचं नाव टाकलं. गायीचं टाकलं, गावाचं टाकलं, सगळे देव झाले. यंत्र काही ऐकेना. शेवटी मी विचारलं, "तू तिले सांगतलं काय होतं?"

"म्हनलं, असा शब्द टाक, जो तुह्या तोंडून कोनी कदीच आयकला नाही. तं आई हासली. डोक्यावर पदर घेतला अन् मले खोलीच्या बाहीर हाकललं."

पदर म्हटल्यावर मी उठून बसलो. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिनंही जन्मात घेतलं नाही. राशनच्या दुकानात, दवाखान्यात कोणी विचारलं की पदर सावरायची अन् मला कोपर मारायची, "सांगा नं तुमीच." लग्नात उखाणा घ्यायला लावला, तिथंही नाव ओठातच गिळलं.

"माहं नाव टाक," मी म्हणालो.

"बाबा, नवऱ्याचं नाव कोनी पासवर्ड ठेवते काय? चोर पयले तेच टाकून पायते."

"चोराले तुही माय काय माहीत? टाक."

त्यानं टाकलं. उघडलं.

मी उठून अंगणात एक चक्कर मारून आलो. म्हाताऱ्यानं नाचलेलं बरं दिसत नाही, नाहीतर नाचलो असतो.

व्हिडिओत ती चुलीपाशी, हात पिठानं भरलेले. "काहून तोंडासमोर धरलं ते? पोळी जळते नं!" तोच आवाज, थोडा घोगरा, शेवटी वर चढणारा. कोपऱ्यात मी चहा पीत बसलेलो. तिनं माझ्याकडे मान वळवली. "अन् तुमी काय नुसते पायत बसले? डबा खाली झाला. गहू दळून आना नं."

आम्ही ते पुन्हा पुन्हा लावलं. पोरानं त्याच्या नकला करून चार ठिकाणी ठेवल्या, माझ्या मोबाईलमध्येही टाकलं.

"पासवर्ड बदलून टाकू का? लय सोपा हाये."

"हात लावून तं पाय त्याले," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीतले गहू काढले, डबा भरला, सायकलला बांधला अन् चक्कीवर गेलो. चक्कीवाल्यानं मूठभर गहू नाकाशी नेले.

"काका, एरंडेल लयच लावलं राजेहो."

"आमच्या घरी तसंच लागते," मी म्हणालो. "टाक दळाले."