मामाचा डायरेक्ट पंखा

मधला वेग ही गोष्टच ज्याला मान्य नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझा मामा. न्हावा शेवा बंदरात कंटेनरचे ट्रेलर चालवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. वाटेत काही बिघडलं की मधली कटकट काढून वायर सरळ जोडायची, ही तिथली रीत त्याच्या अंगात कायमची मुरली. अशा जोडणीला तो ‘डायरेक्ट’ म्हणतो. पनवेलजवळ पळस्प्याच्या त्याच्या घरात छताचे पंखेसुद्धा रेग्युलेटरशिवाय फिरतात. जेवताना पापड हाताने दाबून धरावा लागतो. तो स्वतःही डायरेक्टच आहे. मला कॉलेजात प्रवेश मिळाला, आमच्या घरातली मी पहिलीच, तेव्हा त्याने ते शेजाऱ्यांना इतक्या कौतुकाने सांगितलं की बहुधा हायवेपलीकडेही ऐकू गेलं असावं.

गेल्या वर्षी त्याच्या जुन्या गाडीतला गरम-गार हवा फेकणारा पंखा एक, दोन, तीनवर चालेनासा झाला. फक्त चारवर चाले, तोही अधूनमधून. मामाने तोही डायरेक्ट केला. किल्ली फिरवली की पंखा गरजायला लागे. “बघ, कसा फिरतो! गाडीला चालू नि बंद, दोनच गोष्टी लागतात. बाकीचे सगले नखरे हाय.”

रविवारी मामा-मामी उरणला, मामीच्या माहेरी जातात, आणि बरेचदा मागच्या सीटवर मी असते. घरात मुलं, सुना, नातवंडं. दोघांना निवांत बोलायला ही गाडीच. मामीचा आवाज मुळातच बारीक. पूर्वी ती वाटभर बोलायची. सुनेचं माहेर, स्वतःचे गुडघे, काहीही. डायरेक्टनंतर ती खिडकीबाहेर बघत बसू लागली. मामाच्या हे बरेच दिवस लक्षातच आलं नाही. मग एकदा उरणला त्याने मला बाजूला घेतलं आणि त्याला जमेल तितक्या हळू, म्हणजे अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, “मामी माझ्याशी बोलत नाय. रागावली हाय का गं?”

मी चाचरत सांगितलं, की पंख्याच्या आवाजात तिचं काही ऐकूच येत नाही.

“मंग मोठ्यानं बोलायचं ना!”

ओट्यावर मासे साफ करणारी मामी मान वर न करता म्हणाली, “सगलं वरडून सांगाया येतं का?”

एकदा जोडलेला डायरेक्ट मामाने आयुष्यात प्रथमच सोडवला. जळालेला रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, घेऊन तो पनवेलच्या दुकानात गेला. मी बरोबर होते. दुकानदार हसला. “काका, चारवर चालतोय ना? आपल्याकडच्या उकाड्यात एक नंबर कोण लावतो?”

“आमी लावतो,” मामा म्हणाला.

मामी पाय ठेवते तिथे डोकं घालून, पाय दाराबाहेर सोडून, दुपारभर घामाघूम होत त्याने नवा भाग बसवला.

पुढच्या रविवारी परतताना पंखा एकवर होता. मग मामी म्हणाली, “दादानं बाची होडी इकली. मला इचारलं पन नाय.” इतकंच, अगदी हळू. मामाने गाडीचा वेग कमी केला, मान जरा डावीकडे कलवली आणि तो ऐकत राहिला. मागचे ट्रेलर हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेले. मला वाटेत खांदा कॉलनीत, माझ्या घरी उतरायचं होतं. वळण मागे पडलं, तरी मी काही बोलले नाही.