चौतिसावी निवड

साउथ डकोटातल्या अ‍ॅबरडीन गावचा आर्लन हॉगन एकोणतीस वर्षं ओमाहाच्या 'ड्रोव्हर्स' संघासाठी पोरं हुडकत होता. त्याआधी तो गावच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि शाळा सुटली की अमेरिकन फुटबॉलचा कोच व्हायचा. पारखी झाल्यापासून मात्र ऑगस्ट ते डिसेंबर त्याचा मुक्काम गाडीतच. मागच्या सीटवर दोन जाड कोट, एक उशी आणि बायकोनं, मर्नानं, बांधून दिलेला हॅम सँडविचचा डबा. दोन्ही डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा, आयोवा एवढ्या मुलखातल्या कॉलेजांत कोणता पोरगा कसा खेळतो, हे त्यानं पाहायचं आणि संघाला लिहून कळवायचं.

त्याची रीत इतरांपेक्षा थोडी वेगळी होती. बाकीचे पारखी मैदानाच्या कडेला घड्याळं घेऊन उभे राहायचे. आर्लन तासभर आधी जाऊन कपडे धुणाऱ्यांशी, स्वयंपाक्यांशी गप्पा मारत बसायचा. कोच लोक आपल्या पोराची तारीफच करणार. धुणंवाली खरं सांगते. अशाच एका धुणंवालीच्या शब्दावर त्यानं टोबियास रेनर नावाचा आडमाप पोरगा एका दीडशे उंबऱ्यांच्या गावातून उचलला होता, आणि तो रेनर ड्रोव्हर्सच्या आघाडीच्या फळीत अकरा वर्षं भिंतीसारखा उभा राहिला.

पण चार वर्षांपूर्वी आर्लनचा पाय घसरला. एका वाऱ्यासारख्या पळणाऱ्या पोरावर सगळे साहेब लोक लट्टू झाले होते. कॉलेजच्या खानावळीतल्या बाईनं आर्लनला बजावलं होतं, "हा एकाशीही धड बोलत नाही, याच्या नादी लागू नका." आर्लननं ते गिळलं आणि सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून भरभरून लिहिलं. दोन वर्षांत तो पोरगा संघातून गेला, आणि खापर फुटलं ते आर्लनच्या कागदावर. तेव्हापासून त्याच्या लेखणीला कापरं भरलं. चांगला पोरगा असो की वाईट, शेरा एकच: 'संघाला कदाचित उपयोगी पडेल.' असं लिहिणाऱ्याला कोणी दोष देऊ शकत नाही, आणि असं लिहिलेलं कोणाच्या उपयोगीही पडत नाही. हे त्याला कळत होतं. एकसष्टाव्या वर्षी सवय बदलायचं बळ नव्हतं, एवढंच.

त्या हंगामात ड्रोव्हर्स सतरापैकी चौदा सामने हरले. जानेवारीत मालकानं कोच आणि मॅनेजर दोघांनाही घरी पाठवलं आणि कॉर्बिन एस्टेस नावाचा, चाळिशीही न गाठलेला नवा मॅनेजर आणला. कॉर्बिननं पहिल्याच दिवशी सांगितलं, "घर डागडुजीच्या पलीकडे गेलंय. पायापासून बांधायचं." मार्च लागताच त्यानं बारा जुन्या खेळाडूंना निरोप दिला. महागडे, दुखावलेले, तिशी ओलांडलेले सगळे गेले. त्यात रेनरही होता.

आर्लनला रेनरला फोन करायचं धाडस होईना. शेवटी रेनरचाच आला.

"काय म्हाताऱ्या, मेलास की काय? तीन दिवस वाट बघतोय."

"काय बोलू रे, टोबी. तुला मीच आणलं होतं."

"आणलंस म्हणून तर अकरा वर्षं खेळलो. ऐक, मी सकाळी जिना उतरताना कठडा धरतो. पोरीला उचलताना बायको म्हणते, आधी बस, मग उचल. मला स्वतःहून थांबता आलं नसतं. त्यांनी थांबवलं. काल मी दहा तास झोपलो."

आर्लननं फोन ठेवला. तीन दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं.

आता उरली स्वतःची चिंता. नव्या मॅनेजरची चाल सगळ्या पारख्यांना ठाऊक असते. वर्षभराची माहिती यांच्या डोक्यात, म्हणून एप्रिलअखेरच्या ड्राफ्टपर्यंत यांना ठेवायचं. ड्राफ्ट म्हणजे कॉलेज संपवलेल्या पोरांची वाटणी. सहसा सगळ्यात जास्त हरलेल्याला आधी हात घालायला मिळतो. ती वाटणी झाली की मे महिन्यात एकेकाला फोन. सुगी संपली, सालगडी मोकळे.

एप्रिलच्या सुरुवातीला ओमाहात बैठक झाली. भिंतभर फळ्यावर पोरांच्या नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. ड्रोव्हर्सची निवड दुसऱ्या नंबरची होती, आणि त्या जागी एकमतानं एकच नाव होतं: इझ्रा पोल्क. आयोवातल्या वॉटर्लूचा, साडेसहा फुटी, चेंडू फेकणाऱ्यावर पाठीमागून चालून येणाऱ्यांना अडवणारा. तो आर्लनच्याच मुलखातला.

कॉर्बिननं आर्लनचा कागद हातात घेतला. "चार वेळा पाहिलात याला. आणि लिहिलंत काय, तर 'कदाचित उपयोगी पडेल'. सगळा देश या पोराच्या मागे आहे, आणि तुमचं कदाचित?"

कोणीतरी हसलं.

"मी तुमचे जुने कागद काढून वाचले," कॉर्बिन म्हणाला. "रेनरबद्दल तुम्ही लिहिलं होतं, 'हा नको असेल तर मलाही काढा.' तो माणूस कुठे गेला?" उत्तराची वाट न बघता त्यानं कागद खाली ठेवला. "मंगळवारी इझ्रा भेटीला येतोय. विमानतळावरून तुम्हीच आणा. संध्याकाळी मला हो सांगा नाहीतर नाही सांगा. तिसरं काही नको."

आर्लनकडे सांगायला होतं, खिशातल्या डायरीत नोव्हेंबरपासून पडलेलं. इझ्राच्या विद्यापीठात खेळाडूंचं सामान सांभाळणारी आर्डिस नावाची बाई बोलता बोलता म्हणाली होती, "हल्ली डावा बूट अर्ध्या मापानं मोठा मागतो. उजवा नाही, डावाच." आर्लननं डायरीत टिपलं, अहवालात मात्र लिहिलं नाही. एका बुटावरून एवढ्या मोठ्या पोरावर बोट कोण ठेवणार, आणि ते चुकलं तर?

मंगळवारी इझ्रा विमानतळाबाहेर आला. चाल ताठ, पण जरा जास्तच ताठ. आर्लननं त्याला गाडीत घेतलं, वाटेत दोन गरम मांसाचे पाव घेतले आणि एका रिकाम्या आवारात गाडी उभी केली. पलीकडे मक्याचं उघडं शेत होतं.

"बूट सैल कर," आर्लन म्हणाला. "डावा. गाडीत आपण दोघंच आहोत."

पोराचं खाणं थांबलं. "बूट ठीक आहे, सर."

"एक पाय मोठा झालाय तुझा. तुझ्या वयात पाय वाढत नाहीत."

इझ्रानं पाव कागदात गुंडाळला, परत उघडला. "कोणी सांगितलं?"

"ते राहू दे. कधीपासून?"

"ऑक्टोबर." मग एकदा तोंड उघडल्यावर तो भराभर बोलू लागला. "आधी नुसतं ठणकायचं. आता सकाळी टेकवत नाही. संघांच्या डॉक्टरांच्या मोठ्या तपासणीआधी मी चार आठवडे पळालोच नाही, म्हणून त्या दिवशी निभावलं. त्यांनी गुडघे बघितले, खांदे बघितले. पायाचं विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो."

"आईला माहीत आहे?"

"आई शाळेची बस चालवते. तिला कळलं तर बसमध्ये घालून डॉक्टरकडे नेईल मला, पोरांसकट."

आर्लनला हसू आलं. पोरालाही आलं, पण लगेच विरलं. "तुम्ही त्यांना सांगणार."

"सांगणार. त्यांचं मीठ खातो मी. पण तुझ्या पाठीमागे सांगायचं नव्हतं, म्हणून आधी तुझ्यापाशी आलो. हे बघ, लपवलंस आणि सप्टेंबरात ते हाड मोडलं, तर सगळं तिथेच संपेल. आत्ता उघड केलंस तर नंबर खाली जाईल, पण पाय राहील."

इझ्रानं पाव बाजूला ठेवला. मग वाकून त्यानं नाडी सोडली आणि एवढा मोठा श्वास टाकला की काच धुरकटली. हात धुवायला तो उतरला तेव्हा उघडउघड लंगडत गेला. परत येऊन म्हणाला, "सहा महिन्यांत पहिल्यांदाच कोणासमोर तरी लंगडलो. बरं वाटलं."

संध्याकाळी आर्लननं कॉर्बिनला सगळं सांगितलं. कॉर्बिनचा चेहरा तांबडा झाला. "नोव्हेंबरपासून तुम्हाला माहीत होतं?"

"बुटाचं माहीत होतं."

"मग लिहिलं का नाही?"

"भ्यालो," आर्लन म्हणाला. "चार वर्षांपूर्वी एकदा तोंड पोळलं, तेव्हापासून ताकही फुंकून पीत होतो." हे वाक्य आपण एवढ्या सहज बोलू असं त्याला वाटलं नव्हतं. पुढचं आपोआप आलं. "दुसऱ्या नंबरवर त्याला घेऊ नका. पण सोडूही नका. बाकीच्यांना सप्टेंबरात जिंकायचंय, ते लंगडा पोरगा घेणार नाहीत. आपल्याला यंदा कुठे जिंकायचंय? घर बांधायला काढलंय ना? मग पहिलं वर्ष त्याला बसवून ठेवायला काय हरकत आहे? त्याच्यासारखी पायांची चपळाई मी तीस वर्षांत पाहिलेली नाही. हा नको असेल तर..." तो थांबला.

"तर तुम्हालाही काढू," कॉर्बिननं पुरं केलं. त्याचा राग अजून उतरला नव्हता, पण तो फळ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी पायाची चित्रं निघाली. बाहेरच्या बाजूच्या हाडाला केसाएवढी चीर, न जुळलेली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक हंगाम असाच खेळला असता तर हाड दुभंगलं असतं. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया होऊन स्क्रू बसला, आणि इझ्राच्या वकिलानं सगळ्या संघांना रीतसर कळवलं. त्याचं नाव फळ्यांवरून भराभर खाली उतरलं.

ड्राफ्टच्या पहिल्या संध्याकाळी कॉर्बिननं दुसऱ्या नंबरची निवड पूर्वेकडच्या एका संघाला देऊन टाकली आणि बदल्यात त्यांच्या चार निवडी घेतल्या. घर बांधायचं तर एका संगमरवरी खांबापेक्षा चार दगड बरे, असा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुसरी फेरी सुरू झाली. पहिल्या फेरीत बत्तीस संघांच्या बत्तीस निवडी झालेल्या, म्हणून ड्रोव्हर्सची हक्काची निवड चौतिसावी. खोलीत कोणी खुर्चीत टेकत नव्हतं. तेहतिसाव्या निवडीचा संघ वेळ घेत होता, आणि त्यांनाही तसाच अडवणारा हवा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. आर्लननं हातातला कॉफीचा कागदी पेला पार चुरगाळला. नाव जाहीर झालं: मिशिगनचा एक बचावपटू.

कॉर्बिननं फोन लावला आणि आर्लनच्या हातात दिला.

"इझ्रा? ओमाहाला ये. सावकाश ये, घाई नाही."

पलीकडे गलका, मग एका बाईचा ठणठणीत आवाज. "तो बूट ओळखणारा माणूस तुम्हीच का? मी त्याची आई. सहा महिने माझ्या घरात लंगडत होता आणि मला दिसलं नाही. तुमच्याकडे जेवायला येईन तेव्हा भांडेन आधी, मग आभार मानेन."

"दोन्हीला या," आर्लन म्हणाला.

पुढचं इथेच सांगून टाकतो. इझ्रा पहिलं वर्षभर बसून राहिला, संघ चारच सामने जिंकला, ओमाहाच्या लोकांनी कॉर्बिनला यथेच्छ शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी इझ्रा सतराच्या सतरा सामने खेळला आणि संघानं नऊ जिंकले. पूर्वेच्या संघानं दुसऱ्या नंबरवर जो पोरगा घेतला, तोही उत्तम निघाला. फसलं असं कोणीच नाही.

पण मे महिन्यात यातलं काहीच घडलेलं नव्हतं. नऊ पारख्यांपैकी चौघांना फोन येऊन गेले होते. आर्लन मर्नासोबत परसात बटाटे लावत होता, तेव्हा त्याचा वाजला. मातीच्या हातानं त्यानं तो कानाला लावला. मर्ना फावड्यावर रेलून त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"हो," तो म्हणाला. "हो. कळलं. बरं." एवढंच.

"काय म्हणाला?" मर्नानं विचारलं.

"आणखी दोन वर्षं. आणि म्हणाला, अहवाल लांबलचक नकोत, खरे हवेत."

मर्नानं डोळे पुसले, मग फावडं उचललं. "मेल्या, पंधरा दिवस तू माझ्याशी धड एक शब्द बोलला नाहीस. जेवताना ताटाकडे बघायचास, झोपेत कण्हायचास. मी बहिणीला सांगून ठेवलं होतं, याला तुझ्या दुकानात काहीतरी काम बघ म्हणून."

"लोखंडाच्या दुकानात?"

"खिळे मोजायला."

आर्लन हसत सुटला. हसता हसता खाली वाफ्यातच बसला. उन्ह चांगलं तापलं होतं, ओल्या मातीचा वास येत होता. अर्धी ओळ अजून बाकी होती, पण मर्नानं त्याला उठवलं नाही. उरलेले बटाटे तिनंच लावले आणि तो तिथेच बसून तिला कोंब वर ठेव, खाली नको, असं सांगत राहिला.