सुनेच्या जादूगाराची नेमणूक

माझ्या सुनेच्या जादूगाराची मी परस्पर कायम नेमणूक करून टाकली, तेव्हा शनिवारचे दुपारचे तीन वाजले होते आणि माझ्या मांडीवर भेंडीची परात होती.

परात खाली ठेवून मग नेमणूक केली, एवढी शुद्ध मला होती. बाकी शुद्धीचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

आधी गार्गीबद्दल सांगते. गार्गी म्हणजे आमची सून. तिचं माहेर याच शहरात, कांचघरला, आमच्या घरापासून स्कूटीनं वीस मिनिटं. पण लग्न होऊन आली ती अशी, की जणू कुणी तिला सरकारी विश्रामगृहात दोन दिवसांसाठी उतरवलंय! चार महिने तिनं आमच्या घरात तीन वाक्यांवर काढले. "हो आई", "अच्छा आई" आणि "चालेल आई". पोळ्या करू की भात? "चालेल आई." (हे उत्तर झालं का?) एकदा विचारलं, "कारलं आवडतं का गं तुला?" तर "हो आई" म्हणाली आणि तीन पोळ्यांशी कारलं खाल्लं. दोन दिवसांनी निखिल, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, "आई, तिला कारल्याच्या वासानंही मळमळतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान आहात हो, सुनेचा आवाजसुद्धा येत नाही!" आणि मी तर त्या आवाजासाठीच झुरत होते. मुलगी चार महिने घरात राहते आणि तिला ते घर आपलं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

तिला शौक एकच, व्हिडिओ गेमचा. तोही आपल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, दार लोटून. त्या शनिवारी मात्र ती हॉलच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, मी आज गेम इकडच्या मोठ्या टीव्हीवर लावू का? चार वाजता मुग्धा येणार आहे ऑनलाइन."

मुग्धा म्हणजे तिची धाकटी बहीण. शिकायला परदेशी गेलेली. लग्नानंतर दोघींची भेट नाही, पण दर शनिवारी चार वाजता त्या दोघी या गेममध्ये भेटतात आणि जंगलांतून राक्षस मारत हिंडतात. माहेरपणच म्हणायचं ते. मी लगबगीनं उठले, टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर काढलं, हार काढून गणपती बाजूला सरकवला. आनंदानं मला काय करू आणि काय नको झालं होतं.

पडद्यावर एका तंबूत एक तरुण उभा राहिला. निळा झगा, हातात काठी.

"हा कोण गं?"

"हा माझा जादूगार, आई. ह्याची लेव्हल वाढली ना, तर आता ह्याला ब्रांच घ्यावी लागते."

"म्हणजे दहावीनंतर घेतात तशी?"

"हो आई. चार आहेत. मी आणि मुग्धा तीन हप्त्यांपासून डिस्कस करून राहिलो, पण ठरूनच नाही राहिलं. आज दोघी मिळून फायनल करणार." आणि चक्क हसली! चार महिन्यांतलं तिचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. मी मनात मोजलं.

तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला. "आई, टीव्ही असाच राहू द्या हं, मी आलीच," म्हणत ती खोलीत गेली आणि दार लोटलं.

आता माझ्याबद्दल. मी एकतीस वर्षं सरकारी फॅक्टरीच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला, म्हणजे नेमणुकांच्या कचेरीत काढली. शिकाऊ पोरं ट्रेनिंग संपवून आली, की कोणाला कोणत्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कोणत्या विभागात टाकायचं याचा कागद माझ्या टेबलावरून जायचा. मी पोराचे गुण बघायचे, सोयीच्या रकान्यात खूण करायचे आणि फाइल वर सरकवायचे. मग त्यावर बडे बाबू सही करत, मग साहेब, मग मोठे साहेब. तीन सह्यांशिवाय माझ्या खुणेला कुत्रंही विचारत नसे. एकतीस वर्षांत माझ्या एकाही खुणेनं जगात काहीही पक्कं झालेलं नव्हतं, हे नीट लक्षात ठेवा. मी त्या दिवशी जे केलं, ते याच भरवशावर केलं.

भेंडी पुसता पुसता माझं लक्ष सारखं त्या पोराकडे जायचं. उभा आपला ताटकळत! कधी या पायावर भार देतो, कधी त्या पायावर, मध्येच मान वळवून खोलीकडे बघितल्यासारखं करतो. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. अगदी अशीच पोरं लिफाफे घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहायची. मला कुणाला ताटकळत ठेवणं जमत नाही. म्हटलं, नुसतं वाचून तर बघू. (आजवरच्या सगळ्या खात्याअंतर्गत चौकश्या याच वाक्यापासून सुरू झालेल्या आहेत.)

पहिली शाखा आगीची. बोटांतून जाळ काढायचा. छे! जिथे जाळ, तिथे सेफ्टीवाले रोज दारात. दुसरी शाखा भास दाखवण्याची, म्हणजे नसलेली वस्तू आहे असं दाखवायचं. यावर ऑडिटवाले काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. तिसरी वाचून तर माझ्या अंगावर काटाच आला. मेलेल्या माणसांना उठवून कामाला लावायचं! अहो, मेलेला माणूस मस्टरवर दाखवणं म्हणजे सरळ सस्पेन्शन! चौथी शाखा होती रक्षणाची. समोर अदृश्य भिंत उभी करायची आणि आपल्या माणसांना वाचवायचं. शांत, स्वच्छ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरी आईवडील असलेल्या पोराला यापेक्षा चांगलं काय मिळणार?

म्हटलं, चार वाजता मुली येतील, तोवर मसुदा तयार ठेवू. खूण आपली, सही त्यांची. तो रिमोटसारखा दोन दांड्यांचा ठोकळा उचलला, चौथ्या चौकटीवर आले आणि हिरवं बटण दाबलं. पडद्यानं इंग्रजीत विचारलं, 'नक्की? ही निवड कायम राहील.' मला वाटलं, हे छापील वाक्य असणार, प्रत्येक फॉर्मच्या खाली असतंच. पुन्हा हिरवं दाबलं.

तुताऱ्या वाजल्या. निळा झगा उजळला, पोरानं काठी वर केली आणि पडद्यावर सोनेरी अक्षरांत अभिनंदन आलं. एकही सही न होता!

आवाजानं हे बाल्कनीतून पेपर घेऊन आत आले. हे म्हणजे माझे यजमान, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त.

"काय झालं?"

"पोराचं काम झालं," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कोणाच्या पोराचं?"

मी सगळं सांगितलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, त्या दोघी तीन हप्त्यांपासून ज्याचा विचार करून राहिल्या, ते तू भेंडी चिरता चिरता करून टाकलं?"

"चिरत नव्हते, पुसत होते!"

पोर चार महिन्यांत पहिल्यांदा विश्वासानं बाहेर येऊन बसली, आणि मी तिचंच मोडून ठेवलं. आता ही पुन्हा खोलीत जाईल, दार लोटेल आणि जन्मभर मला "चालेल आई" म्हणत राहील!

"घाबरू नको. मागे जायचं बटण असते," म्हणून ह्यांनी ठोकळा हातात घेतला. (ह्यांनी गाडी मागे नेलेली आहे, पण तिथे इंजिन ड्रायव्हर चालवायचा.) एक बटण दाबलं, तर जादूगारानं टुणकन उडी मारली. दुसरं दाबलं, तर तो तंबूबाहेर पळत सुटला. तिसरं दाबलं आणि त्याचा निळा झगा गळून पडला!

"अहो, पोराचे कपडे!"

"मी नाही, त्यानंच काढले!" म्हणताना ह्यांचा कपाळावरचा चष्मा सोफ्यावर पडला.

आमचा जादूगार आखूड चड्डीवर भरगावातून धावत होता. चौकात एक म्हातारी आडवी आली आणि काहीतरी म्हणाली. उत्तर द्यायला खाली तीन वाक्यं आली. "मधलं घे, मधलं नेहमी सभ्य असते," हे म्हणाले आणि स्वतःच दाबलं. त्या वाक्यात म्हातारीच्या कुळाचा उद्धार होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिनं आरोळी ठोकली आणि घराघरांतून माणसं लाठ्या घेऊन धावून आली!

मी जीव खाऊन सगळी बटणं एकदम दाबली. जादूगारानं हात वर केले आणि भोवती चकाकती भिंत उभी राहिली. लोक त्या भिंतीवर लाठ्या बडवतायत, आत आमचा पोरगा चड्डीवर शांत उभा. "बघा, रक्षणाची शाखा कामी आली की नाही!" असं म्हणायचा मोह मला त्याही परिस्थितीत झाला. तेवढ्यात कोपऱ्यात अक्षरं उमटली, 'गेम सेव्ह झाला.'

"हे काय आता?"

"फाइल बंद झाली," हे म्हणाले आणि ठोकळा हळूच माझ्या मांडीवर ठेवला.

त्याच क्षणी गार्गीचं दार उघडलं.

तिनं टीव्हीकडे बघितलं. लाठ्या, चड्डी, भिंत. मग माझ्याकडे बघितलं. मी भेंडीची परात उचलून पोटाशी धरली, कारण दुसरं काही धरण्यासारखं नव्हतं.

"गार्गी, माझ्याकडून ह्याची ब्रांच घेतली गेली गं. रक्षणाची."

"आई!" ती ओरडली. अशी ओरडली की बाल्कनीतलं कबूतर उडालं. "काहून हात लावला तुम्ही? मी बोलली होती ना, असाच राहू द्या! तीन हप्ते, आई! आम्ही दोघींनी ह्याला पहिल्या दिवसापासून मिळून वाढवला, आणि तुम्ही... अरे यार, मुग्धा ऑलरेडी रक्षणवाली आहे ना! आता दोघी भिंती धरून बसू का? मारणार कोण, बाबा मारणार? और ये कपडे किसने उतारे?"

ह्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. छत्तीस वर्षांचा संसार!

"बाबा, खोटं नका बोलू! तुमचा चष्मा सोफ्यावर आहे. तुम्ही पण खेळून राहिले होते!"

आणि मग तिनं एकदम दोन्ही हात तोंडावर ठेवले. डोळे मोठे झाले. "सॉरी आई. मी... सॉरी."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे, शंभर टक्के माझी. तू सॉरी म्हणू नकोस. आणि थांबू तर मुळीच नकोस! आणखी काही राहिलं असेल तर तेही बोल." कांचघरला तिच्या आईवर ती अशीच ओरडत असणार. आमच्या घरात ती पहिल्यांदा तशी ओरडली होती. आतून मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता येत नाही.

चार वाजता मुग्धा ऑनलाइन आली. गार्गीनं तिला रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून धप्पकन आवाज आला. मग कळलं, मुग्धा हसून हसून खुर्चीवरून घसरली होती.

"काकूंनी चड्डीवर पळवला? पूर्ण गावात? दीदी, प्लीज मला फोटो पाठव!"

"मुग्धा, मजाक नको करू. सेव्ह झालं आहे ते."

"अगं, पण जेवणाच्या आधी तू वेगळं सेव्ह केलं होतं ना? तूच तर मेसेज केला होता मला."

गार्गीनं कपाळावर हात मारला. "अरे हां," ती हळूच म्हणाली. "ते तर आहेच."

म्हणजे ऑफिस कॉपी होती! पोरीनं मूळ कागद वेगळा ठेवला होता! मी टीव्हीला हात जोडले, गणपतीला जोडले, परदेशातल्या मुग्धालाही जोडले. जुना गेम उघडला आणि जादूगार पुन्हा निळ्या झग्यात, हातात काठी घेऊन ताटकळत उभा राहिला. एवढं हायसं मला निखिलच्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. हे लगेच चपला घालून खव्याची जिलेबी आणायला गेले. (आरोपीनं घटनास्थळ सोडायची ही रेल्वेतली पद्धत.)

अर्ध्या तासात दोघी बहिणींनी शाखा ठरवली. मेलेल्यांना उठवायची! मी मस्टरबद्दल दोन शब्द बोलू पाहिले, तर गार्गी म्हणाली, "आई, तुम्ही जिलेबी खा."

त्या दिवसापासून आमच्या सुनेचं तोंड जे उघडलं, ते उघडलंच. रविवारी म्हणाली, "आई, हॉलचे पडदे बदलू या, दवाखान्यासारखं वाटून राहिलं." सोमवारी म्हणाली, "आई, तुम्ही फोनवर मावशींशी इतक्या जोरात काहून बोलता? त्यांना फोनशिवायही ऐकू जाईल." मी प्रत्येक वेळी खूश! पडदे बदलले, आवाज कमी केला. गुरुवारी जेवताना तिनं वाटीतली कढी चमच्यानं ढवळली आणि म्हणाली, "आई, ही कढी फाटली आहे."

"आज जरा आच जास्त लागली असेल," मी म्हटलं.

"आज नाही, आई. दर वेळी फाटलेली असते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आधी वाटीकडे बघितलं, मग छताकडे, आणि मग म्हणाले, "मला वाटलं, तुझ्या माहेरी अशीच करतात."

छत्तीस वर्षं गप्प! आणि मी बावळट, चार महिने सून गप्प बसते म्हणून झुरत होते!