मान वर करायला बडोद्याला गेले

पोटात अल्सर झालाय हे कळलं, त्या दिवशी डॉक्टरांनी मला पर्समधली वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढून ठेवायला लावली. तीन निघाली. ‘‘तुम्ही स्वतः दातांच्या डॉक्टर आहात. आता मी काय बोलू?’’ एवढंच ते म्हणाले.

मी नाशिकला दवाखाना चालवते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघायचं, म्हणजे मान खाली आणि उजवा खांदा वर. गेली दोन वर्षं मानेपासून कोपरापर्यंत ठणका लागायचा. एमआरआयमध्ये काळजीचं काही नव्हतं. मालिश करून झालं, शेक घेतला, तीन प्रकारच्या उशा आणल्या, गळ्यात पट्टाही घातला. शेवटी गोळी घेऊनच दिवस निघायचा. आता तीही बंद झाली. माझ्या हाताखाली शिकून गेलेली सायली दवाखाना चालवायला घ्यायला तयार होती. मी तिला ‘संक्रांतीनंतर सांगते’ म्हटलं होतं आणि तो विचार मनात आला की मला जेवण जात नव्हतं.

माझा चुलतभाऊ नितीनदादा बडोद्याला असतो, नंदेसरीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात. हेमावहिनी फिजिओथेरपिस्ट. तिच्या माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातच, त्यामुळे तिच्या मराठीत गुजराती अशी मिसळलेली असते की वेगळी काढताच येत नाही. तिचा फोन आला. ‘‘मीनल, दवाखान्याला कुलूप लाव आणि ये. उत्तरायण पण बघशील. गोळ्या आणू नकोस, बस.’’

नाशिकहून बडोद्याला आम्ही गाडीने गेलो, दिंडोरी, वणी, सापुतारा करत. जाणार असाल तर पहाटे निघा, म्हणजे सापुताऱ्याचा घाट उन्हाआधी संपतो. वर तळ्याकाठी भाजलेली कणसं मिळतात. पुढे वघईपर्यंत सागाचं जंगल आणि वळणंच वळणं. अभय, माझा नवरा, गाडी चालवत होता. प्रत्येक वळणाला मी उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून बसले होते, कडेवर तान्हं मूल असावं तसा. चिखलीला हायवे लागला की रस्ता सरळ, पण सुरतेच्या आसपास ट्रकांची रांग असणार असं धरून चला. नर्मदा ओलांडून भरूचला खारे शेंगदाणे घेतले. तिथे ‘खारीसिंग’ म्हणून मागा. गरम असतात आणि साल बोटांतच सुटतं. दुपारी बडोद्यात शिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अभय परत गेला.

वहिनी मानेला हात लावेल, दाबून बघेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने काय करावं? दादाला दिवाणावर आडवं केलं, माझ्या हातात टूथब्रश दिला आणि म्हणाली, ‘‘याची अक्कलदाढ काढ.’’

‘‘अगं, मला कारखान्यात जायचंय,’’ दादा म्हणाला.

‘‘तोंड उघड ने!’’

मी दादाच्या तोंडात वाकले आणि वहिनीने मोबाइलवर ते टिपलं. नंतर मला दाखवलं. मी स्वतःला अशी कधी पाहिलीच नव्हती. मान पुढे ताणलेली, खांदा कानाला लागलेला, श्वास धरून ठेवलेला. मासा टिपायला उभा असलेला बगळा जसा.

‘‘तू दाताकडे जातेस,’’ वहिनी म्हणाली. ‘‘दाताला तुझ्याकडे आण. खुर्ची उंच कर, पेशंटला मान वळवायला सांग.’’

‘‘वहिनी, पेशंट घाबरलेला असतो. त्याला कुठे वळायला लावू?’’

‘‘तो अर्धा तास घाबरतो. तू आयुष्यभर वाकतेस.’’

व्यायाम ऐकाल तर हसाल. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची. दोन्ही खांद्यांची पाती मागे जवळ आणायची. भिंतीवर बोटांनी चढत हात जमेल तिथवर न्यायचा. रबराचा पट्टा दाराच्या कडीला बांधून सावकाश खेचायचा. दिवसातून बऱ्याचदा, थोडं थोडं. मला वाटलं होतं, बडोद्याला जाऊन काहीतरी भारी उपाय मिळेल. इथे तर शाळेतल्या पीटीच्या तासासारखं चाललं होतं.

शिवाय चालणं. दादाचं घर जवळच, म्हणून रोज कमाटी बागेत जाता यायचं. वहिनीची अट एकच, हात पोटाशी धरायचा नाही, मोकळा सोडायचा. हे फार कठीण गेलं. कोणी समोरून आलं की हात आपोआप वर यायचा. येताना आम्ही खंडेराव मार्केटात जायचो. राजांच्या काळची ती देखणी इमारत आणि आत ताज्या भाजीचे ढीग. जानेवारीत ओली तूर, सुरती पापडी, जांभळा कंद, सगळं उंधियूचं सामान. वहिनीने वांग्यांची पिशवी माझ्या उजव्या हातात दिली.

‘‘नको, दुखेल.’’

‘‘वांगीच आहेत, मीनल. दगड नाहीत.’’

भाजीवाल्या मावशी गुजरातीत काहीतरी म्हणाल्या आणि वहिनी हसली. विचारलं तर म्हणाली, ‘‘त्यांना वाटलं, मी सासू आहे तुझी.’’

आणि मग दुखणं वाढलं. चांगलंच. एका सकाळी मला उशीवरून डोकं उचलता येईना. मानेची उजवी बाजू दगडासारखी. मी तशीच उठले, चप्पल घातली आणि रावपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले. काउंटरसमोर उभी राहिले. गोळीचं नाव ओठांवर होतं. दुकानदाराने ‘बोलो बेन’ म्हटलं आणि मला एकदम पोटातली ती जळजळ आठवली, अल्सर कळायच्या आधीच्या आठवड्यातली. मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या आणि घरी येऊन वहिनीवर चिडले.

‘‘तुमच्या व्यायामांनी मी होते त्याहून वाईट झाले. अभयला बोलावते. मी जाते परत.’’

वहिनी पोहे करत होती. तिने गॅस बंद केला, मला खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदा मानेला हात लावला. हळूहळू चाचपलं, हातात झिणझिण्या आहेत का, पकड सैल झालीय का, सगळं विचारलं. मग समोर बसली.

‘‘ऐक. हात बधिर झाला असता तर मीच तुला दवाखान्यात नेलं असतं. तसं काही नाहीये. तू हे स्नायू दोन वर्षं वापरलेच नाहीस, नुसते सांभाळलेस. काही मोडलं नाहीये. वापरल्याचं दुखतंय. आज अर्धंच कर. पण कर.’’

‘‘आणि बरं नाही झालं तर?’’

‘‘तर नाही झालं. मी काय देव छुं?’’

तिचं ते ‘छुं’ ऐकून मला रडताना हसू आलं. त्या दिवशी अर्धंच केलं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, पोहे खाल्ले. दोन दिवसांनी कडकपणा उतरायला लागला.

उत्तरायण म्हणजे आपली संक्रांत, पण बडोद्यात त्या दिवशी घरात कोणी राहत नाही. सगळं शहर गच्चीवर असतं. गच्चीला इथे ‘धाबं’ म्हणतात. या दिवसांत बडोद्यात दुचाकीवर फिरणार असाल तर गळ्याला जाड रुमाल गुंडाळल्याशिवाय निघू नका, कापलेल्या पतंगांचा मांजा रस्त्यावर आडवा येतो. राहायची खोली आधीच ठरवा, आयत्या वेळी मिळत नाही. खाण्याची मात्र चिंता नको. सकाळी शेव-उसळ, दुपारी उंधियू-जलेबी, मधे चिक्की, आणि आमच्याकडे वर तिळगूळ.

मला काम दिलं होतं मांज्याची फिरकी धरायचं. वहिनीने बजावलं होतं, ‘‘वर थोडा वेळच बघायचं, मग बसायचं. आजच सगळं आभाळ बघून संपवू नकोस.’’ दादा पतंग उडवत होता. शेजारच्या धाब्यावरचे एक काका त्याच्या मागे लागले होते आणि प्रत्येक पतंग कापला की ‘काप्यो छे!’ ओरडून थाळी वाजवत होते.

दादाचे तीन पतंग गेले. चौथा वर चढला आणि त्याला कारखान्यातून फोन आला. त्याने दोरी माझ्या हातात कोंबली. ‘‘धर गं!’’

‘‘दादा, मला नाही जमत!’’

तो जिन्यात पोहोचलाही होता. पतंग डावीकडे झोकांडी खायला लागला. मी दोरी खेचली. लहानपणी नाशिकला गोदेच्या बाजूच्या गच्चीवर खेचायचे तशी. पतंग सावरला. वर गेला. काकांचा काळा पतंग त्याच्यावर झेपावला, मी ढील दिली, मग झटका, पुन्हा झटका. वहिनीने फिरकी उचलली होती. काळा पतंग एकदम हलका झाला आणि तरंगत रावपुऱ्याच्या दिशेने निघून गेला.

‘‘काप्योऽऽ!’’ वहिनी ओरडली. पलीकडून काकांनी कपाळावर हात मारला आणि मग हात जोडून म्हणाले, ‘‘वाह बेन, सरस!’’

मी दोन्ही हात वर करून उड्या मारत होते. दोन्ही. वहिनी माझ्याकडे नुसती बघत होती, म्हणून माझ्या लक्षात आलं. मी घाबरून हात खाली घेतला.

‘‘वर गेलाय तर राहू दे ने थोडा,’’ ती म्हणाली. मग लगेच धमकावून तिने मला खुर्चीत बसवलं आणि जलेबी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे मिटूनच पडून होते. आता कसली शिक्षा मिळणार, याचा अंदाज घेत. खांदा दुखत होता. मग कळलं, डावाही दुखतोय. तसाच, तितकाच. पतंग उडवून धडधाकट माणसाचे दुखतात तसे माझे दोन्ही खांदे दुखत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला हे सांगितलं, तेव्हा तिने मला मिठी मारली, पिठाच्या हातांनी.

अभय मला न्यायला आला. परतीच्या वाटेवर वांसद्याला चहा घेतला, तेव्हा त्याचे डोळे मिटत होते. मी किल्ली मागितली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दिली. सापुताऱ्याच्या घाटात गाडी मी चढवली, मधे एकदा थांबून खांदे फिरवले, बस.

हे वाचून कोणी गोळ्या फेकून देऊ नका. मला चालत नव्हत्या म्हणून माझ्यावर ही वेळ आली, आणि आधी तपासणी झाली होती म्हणून वहिनीने धीर केला. दुखणं माझं पूर्ण गेलेलंही नाही. लागोपाठ दोन रूट कॅनल केली की संध्याकाळी मान आठवण करून देते. फरक एवढाच की आता मी तिला घाबरत नाही. भिंतीला पाठ लावते, चालायला जाते, सकाळपर्यंत ती निवळलेली असते.

परत आल्यावर सायली आली. ‘‘मॅडम, मग दवाखान्याचं?’’ तिने हळूच विचारलं. मी तिला एक खुर्ची दाखवली, नवीन, माझ्या शेजारी लावलेली. दुपारचे पेशंट तिचे, सकाळचे माझे. ती खुर्चीत बसली, दिवा खाली ओढला आणि सवयीने पुढे वाकली. मी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला मागे टेकवलं.