अंगठा बघणारे डॉक्टर

आमच्या मसोलीच्या हाडांच्या डॉक्टरांना 'कसे आहात' विचारायची सवयच नाही. ते आधी माणसाचा अंगठा हातात घेतात. नोटाबंदीच्या आधीच्या पावसाळ्यात मी पडले, अंगठ्याचं मूळ मोडलं, तर म्हणाले, "आजी, पेला धरल्यासारखा हात करा." आणि तस्साच ठेवून प्लास्टर घातलं बाई!

पुन्हा दाखवायला गेले, तेव्हा तलासरीकडची एक बाई तसाच मोडलेला अंगठा घेऊन आली होती. नवरा म्हणाला, "भाताची आवणी तोंडावर आलीय, डॉक्टर. नुसती पट्टी बांधा. प्लास्टर घालून ती रोपं कशी रोवणार?"

"हाड वाकडं जुळलं तर तिला कोयताही धरता यायचा नाही."

तो ऐकेना. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी त्याचाच उजवा अंगठा तळव्याशी बांधून टाकला. "आता बाहेर बसून तंबाखू मळा."

बाकावर माझ्याशेजारी बसून त्याने खूप खटपट केली. चुना सांडला, तंबाखू सांडली, बायको पदराआड हसली. शेवटी उठून आत गेला.

"घाला प्लास्टर. आवणीला मी वाकतो. पण आधी हे सोडा."

"आधी तिचं," डॉक्टर म्हणाले, आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.