चव्वेचाळीस राजांचा कॅट

बसवराजअप्पांनी खिशातून एक पत्ता काढला, माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि विचारलं, "हा म्याच हाय न्हवं?"

पत्त्यावर त्यांचाच फोटो होता. जॅकेट, कपाळावर विभूती, मनगटात जाड कडं. कोपऱ्यात चौकटचं चिन्ह आणि पाचाचा आकडा. चौकटची पंजी.

मुरुम गावात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. अप्पा म्हणजे दादासाहेबांचा उजवा हात, आणि दादासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, माझ्या दुकानाचं निम्मं काम. त्यांचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. न विचारता माणसाचा फोटो खेळायच्या पत्त्यावर छापला, म्हणून आता काय काय ऐकावं लागणार, याचा मी अंदाज घेत होतो. माफीची दोन वाक्यंही मनात जुळवून झाली होती.

अप्पांना त्यांची गरज नव्हती. ते म्हणाले, "पाराव म्हातारे डाव खेळत बसले होते. आमच्या चुलत्यानं मला टाकलं, आन् दत्तूनं मला मारलं. दत्तू छक्की हाय. म्या पंजी. हे कुणी ठरिवलं, तेवढं सांगा."

दत्तूशेठ म्हणजे दादासाहेबांचा डावा हात. दोन्ही हातांचं आपसात पटत नाही.

आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, त्याशिवाय अप्पांचं दुःख कळायचं नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध एक मोठा माणूस असतो, त्याला मेन फोटो म्हणतात. वर गोलात त्याचे वरिष्ठ. खाली ओळीनं शुभेच्छुक. कुणाचं डोकं किती इंचाचं, कोण कुणाच्या शेजारी, कुणाचा खांदा कुणाच्या मागं, याला आम्ही लेआउट म्हणतो आणि गाव मान म्हणतं. पुण्यात कॉलेजात असताना सर सांगायचे, डिझाइनमध्ये मोकळी जागा सोडा, नजरेला विसावा मिळतो. मुरुममध्ये मोकळी जागा दिसली की तिथं कुणाचा तरी भाचा येतो.

दुसरा शब्द कटआउट. फोटोतल्या माणसाला मागच्या भिंतीपासून आणि शेजाऱ्यानं खांद्यावर टाकलेल्या हातापासून कापून वेगळं काढायचं, ते कटआउट. माझ्या कॉम्प्युटरवर अख्ख्या तालुक्याची कटआउट आहेत. आणि तिसरा शब्द प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना. गिऱ्हाईक तो बघतं, ओके म्हणतं, की प्रूफ फायनल. माझ्या टेबलामागं मोठ्या अक्षरांत पाटी आहे, 'प्रूफ फायनल झाल्यावर बदल होणार नाही'. पंधरा वर्षांत ही पाटी कुणी पाळलेली नाही. मीही नाही.

दिवसभर लोकांची डोकी कापली की माणसाला काहीतरी स्वतःच्या मनाचं करावंसं वाटतं. त्यातून माझे छंद सुरू झाले. आधी मातीची भांडी केली. त्यातलं एक टिकलं, त्यात माझी बायको संगीता कपड्यांचे चिमटे ठेवते. मग लाकडाचे ठसे कोरले आणि स्वयंपाकघराच्या पडद्यावर पोपट छापले. निम्म्या पडद्यावर पोपट झाले आणि माझा उत्साह संपला. तो पडदा अजून तसाच आहे. मग बासरी आणली, ती शेजाऱ्यांनी विनंती केली म्हणून ठेवून दिली. संगीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. छंद माझे आणि झाडलोट तिची, हे ती वर्षातून एकदा तरी ऐकवतेच, आणि तिचं बरोबर आहे.

पण पत्त्यांचा कॅट मी शेवटपर्यंत नेला. कारण त्यात माझी मुलगी ओवी होती.

उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी लाईट गेली की दुकान बंद, मग मी घरी. ओवी चौथीत गेली होती आणि तिनं ठरवलं की आपल्या गावाचा कॅट करायचा. बावन्न चेहरे हवे होते. माझ्याकडं कटआउट तयारच होती, कमी पडले ते मी मोबाइलवर फोटो काढून आणले. कुणाला कुठलं पान द्यायचं हे मात्र ओवीनं ठरवलं. तिची पद्धत सोपी होती. फोटो हातात धरायची आणि विचारायची, "हे काय करतात?"

लाईनमन आला की लाईट येते, म्हणून तो राजा. कुल्फीवाला राजा. हात केला की एसटी थांबवणारा ड्रायव्हर राजा. आणि चौथे राजे माझे वडील, आण्णा, कारण ते तिला रोज शाळेत सोडतात. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी राणी झाल्या. बसवराजअप्पांचा फोटो आला तेव्हा मला पटकन काही सुचेना. "ते फोटोत असतात," मी म्हणालो. तिनं त्यांना पंजी दिली. दत्तूशेठ एकदा शाळेला पंखे द्यायला आले होते, म्हणून छक्की. दादासाहेबांना मी चांगली वकिली करून दश्शीपर्यंत नेलं, त्यावर ती जाईना. तू मला कुठं घालणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, तुम्ही छापणारे, तुम्ही आत नसता.

मी जाड कागदावर ते छापले, कोपरे गोल कापले आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून तिला दिले. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला न दाखवता केलेलं ते माझं पहिलं काम. मला त्याचा फार अभिमान होता. आण्णांना माझ्याहून जास्त होता, आणि घोळ तिथंच झाला. ओवीला न सांगता ते डबा पारावर घेऊन गेले.

तर त्या दिवशी अप्पा माझ्या उत्तराची वाट न बघता मला तसंच गाडीवर बसवून दादासाहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेले. वाटेत पारावरून डबाही उचलला.

व्हरांड्यात दादासाहेब झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी डब्यातले पत्ते एकेक करून बघितले. लाईनमनचा राजा बघून थांबले. खिचडीवाल्या मावशी बघून थांबले. मग त्यांना स्वतःचा फोटो सापडला. झोपाळा थांबला. अप्पा माझ्याकडं बघायला लागले आणि मी माझ्या चपलांकडं.

"कल्पना झकास हाय," दादासाहेब म्हणाले. "आकडे चुकलेत. कुणी लावले?"

खरं सांगायला तीन शब्द पुरे होते. मी म्हणालो, "कॉम्प्युटरनं, दादासाहेब. आपोआप लागतात ते."

कुणालाही शंका आली नाही. कॉम्प्युटरला माणसं कुठं कळतात, असं अप्पा म्हणाले. मग दादासाहेबांनी निर्णय दिला. वाढदिवसाला हार, शाल, रोपटं हे सगळं जुनं झालं. यंदा प्रत्येक पाहुण्याला हा कॅट द्यायचा. नव्यानं छापायचा, आकडे नीट लावून. "एक्का म्या. बाकीचं तू आन् बसवराज बघा." आणि हा जुना कॅट त्यांच्याकडं जमा करायचा, म्हणजे गावात दोन दोन आकडे फिरायला नकोत. मी एक दिवसाची मुदत तेवढी मागितली, कारण कॅट माझा नव्हता.

डबा घेऊन घरी आलो. ओवी अभ्यासाला बसली होती. मी तिला सांगितलं की तिचा कॅट सगळ्यांना एवढा आवडलाय की आता तो शेकड्यांनी छापणार आहेत, फक्त हा पहिला त्यांना द्यावा लागेल, मी तुला याच्याहून भारी करून देतो. हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना म्हणतो, ते बोलताना माझ्या लक्षात आलं.

"आकडे मी लावले हे सांगितलं का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"कॉम्प्युटरनं लावले म्हणालो."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडली नाही, भांडली नाही. डबा उघडून पत्ते मोजले. एक कमी होता. अप्पांनी कीबोर्डवर ठेवलेली पंजी माझ्या शर्टच्या खिशात राहिली होती. ती मागून घेतली, बावन्न पुरे केले आणि डबा माझ्या हातात दिला. मला माझी लाज वाटली. संगीता दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून नव्या कॅटचं काम सुरू झालं. पहिलं प्रूफ मी सरळ फ्लेक्सच्या क्रमानं लावलं. दादासाहेब चार एक्के, चार वेगवेगळ्या पोजमध्ये. एकात गॉगल, एकात हात जोडलेले, एकात मोबाइलवर बोलताना, एकात लांब कुठंतरी बघताना. अप्पा राजा, दत्तूशेठ राजा, बाकीचे दश्शीपासून खाली.

संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. नव्वीला दश्शी व्हायचं होतं. दश्शीचं म्हणणं होतं की ती गुलामाच्या आधीपासून दादासाहेबांबरोबर आहे. एका दुर्रीनं सांगितलं की पुढच्या महिन्यात सासुरवाडीकडची माणसं येणार आहेत, तेवढ्यापुरतं तरी बघा. अप्पा प्रत्येकाला हो म्हणायचे आणि मला बदल कळवायचे. चौथ्या प्रूफला दुर्री, तिर्री आणि चौव्वी संपल्या. सातव्याला आठाच्या खाली कुणी उरलं नाही. चार राण्या चार महिला सरपंच होत्या. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती, पण चौघींच्या यजमानांनी आपापला फोटोही त्याच पत्त्यावर घालायला लावला, बायकोपेक्षा थोडा मोठा.

अकराव्या प्रूफला मी अप्पांना म्हणालो की आता चार एक्के, चार राण्या आणि चव्वेचाळीस राजे झालेत. यात डाव कसा खेळायचा?

"खेळायचं कुणाला हाय?" अप्पा म्हणाले. "कुणी नाराज न्हाय न्हवं? मग लावा छापायला."

मी पाटीकडं बोट केलं आणि विचारलं, प्रूफ फायनल ना? ते म्हणाले, फायनल. संध्याकाळी दत्तूशेठचा मुकुट थोडा उंच करून घ्यायला परत आले, कारण अप्पांचा उंच होता. दत्तूशेठचा वाढवल्यावर अप्पांचाही पुन्हा वाढवला.

वाढदिवस जोरात झाला. प्रत्येकाला कॅट मिळाला. स्टेजवर दादासाहेबांनी हौसेनं एक डाव वाटला. सगळ्यांनी पानं उघडली, सगळ्यांकडं राजेच. टाळ्या पडल्या. डाव कुणी जिंकला हे कुणी विचारलं नाही. जेवणाच्या पंगतीत बघितलं, तर प्रत्येक जण आपला पत्ता काढून घेऊन खिशात ठेवत होता आणि बाकीचा कॅट खुर्चीवर सोडून जात होता. माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कधीच झालं नव्हतं. शेजारच्या गावांतून दोन पुढाऱ्यांचे निरोप आले, तसलाच कॅट पाहिजे म्हणून. त्यातल्या एकानं आधीच सांगून ठेवलं की आमच्यात राजे पन्नास लागतील.

घरी ओवी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी दोनदा नव्या कॅटचा विषय काढला. नको म्हणाली. माझ्या दुकानातल्या रद्दीतून मात्र ती काहीतरी उचलून नेत होती. कशाला ते मी विचारलं नाही.

मग एका रविवारी दुपारी लाईट गेली. मी घरी आलो, तर सतरंजीवर आण्णा, संगीता आणि ओवी पत्ते खेळत बसले होते. कॅट नवा होता. सगळे चेहरे ओवीनं स्केचपेननं काढलेले, कोपरे कात्रीनं गोल केलेले. कागद माझ्या रद्द झालेल्या प्रूफांचा. त्यामुळं प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर कुठला ना कुठला राजा किंवा एक्का छापलेला होता, आणि पाठ बघूनच पान ओळखू येत होतं. दादासाहेबांचा गॉगल दिसला की खाली बदाम सत्ती, हे आण्णांनी पाठ करून ठेवलं होतं आणि ते सलग तीन डाव जिंकले होते.

लाईनमन अजून राजा होता. कुल्फीवाला, ड्रायव्हर, आण्णा, सगळे आपापल्या जागी. संगीता इस्पिक राणी. मी सहज म्हणून पत्ते चाळायला लागलो. खरं म्हणजे सहज नव्हतं. एक्क्यांपासून खाली बघत आलो. दश्शीत नव्हतो. सत्तीत नव्हतो. शेवटी सापडलो. चष्मा, विरळ केस, समोर कॉम्प्युटर. किलवर दुर्री.

"छापणारा आत नसतो म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"हा मी छापलाय," ओवी म्हणाली.

"मग दुर्री का?"

"मी आईला विचारलं, पप्पा काय करतात. आई म्हणाली, तूच ठरव. मग मी ठरवलं. सांगतील ते करतात."

संगीतानं हातातली पानं नीट लावायला घेतली. आण्णा छताकडं बघत होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो की एका अर्थानं ते खरं आहे, पण पंधरा वर्षं घर चालवलंय, पहिला कॅट मीच छापून दिला होता, तेवढ्याचा विचार करून निदान पंजी तरी करता येईल का. बोलून झाल्यावर मला कळलं की माझा आवाज हुबेहूब अप्पांसारखा लागला होता.

"प्रूफ फायनल झालंय, पप्पा," ओवी म्हणाली आणि तिनं पानं वाटायला घेतली.

नवीन डिझायनर मला विचारतात, क्लायंटला नाही कसं म्हणायचं. मी त्यांना माझ्या टेबलामागची पाटी दाखवतो आणि सांगतो की ती पाळणारं माणूस मला एकच माहीत आहे, ते सध्या पाचवीत आहे. शेजारच्या गावच्या पन्नास राजांच्या कॅटला मात्र मी नकार कळवला. ही गोष्ट मी त्याच दिवशी ओवीला सांगितली. तिनं ऐकून घेतली. मी अजून दुर्रीच आहे.