हळदूच्या पाच फळ्या

दिग्रसच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले त्याला बरीच वर्षं झाली होती. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेने मोडके बाक दुरुस्त करायला एक मिस्त्री बोलावले. गावापासून सात-आठ किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातले. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने वाळके, बोलायला कमी. चित्रकलेच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यातच त्यांचं काम चालायचं, त्यामुळे आठवडाभर ते माझ्या नजरेसमोर होते. मी नेर गावाकडच्या शेतकरी घरातली; वखर-तिफणीला हात लावणारे सुतार लहानपणापासून पाहिलेले. पण बाकाच्या फळीला तुकडा जोडताना या माणसाने दोन लाकडांच्या रेषा अशा जुळवल्या की जोड कुठे आहे ते बोटालाही कळेना.

माझ्या कपाटात जपानी निसर्गचित्रांचं एक जाड पुस्तक होतं. नागपूरला शिकत असताना फुटपाथवरून घेतलेलं. ती सगळी चित्रं लाकडी ठशांनी छापलेली: फुजी पर्वत, पूल, समुद्र, बर्फात बुडालेली खेडी. शेवटच्या दिवशी मिस्त्री चहा प्यायला आत आले तेव्हा ते टेबलावर उघडं पडलं होतं. एका पुलावर पाऊस पडतोय आणि माणसं डोकी झाकून पळतायत, असं पान होतं. ते कप हातात धरून तसेच उभे राहिले. चहावर साय धरली.

"हा पाऊस कोनं कापला?" त्यांनी विचारलं.

मी चित्रकाराचं नाव सांगितलं.

"काढणाऱ्याचं नाही विचारून राह्यलो मॅडम. कापणाऱ्याचं."

मी त्यांना समजावून सांगितलं. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढतो. तो कागद फळीवर पालथा चिकटवतात. मग कोरणारा रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकतो. प्रत्येक रंगाला वेगळी फळी, आणि छापणारा तिसराच माणूस. मग मी पुस्तकाच्या मागची टिपणं चाळली. चित्रकाराचं नाव होतं, कागदाची लांबी-रुंदी होती, कोरणाऱ्याचं नाव नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की केसाएवढी रेघ उभी ठेवायची, दोन्ही बाजूंनी लाकूड काढायचं आणि ती तुटू द्यायची नाही, हे महिन्याभराचं काम असेल.

मीच त्यांना म्हटलं, "भाऊ, आपण करून पाहू का?"

पुढच्या शनिवारी ते कापडात गुंडाळलेली एक फळी घेऊन आले. मी साग सुचवला होता, तो त्यांनी मोडीत काढला. सागाची रेष बारीक कामात तुटते म्हणाले. ही फळी हळदूच्या झाडाची होती. पिवळसर, लोण्यासारखी एकसारखी. कुणाच्यातरी जुन्या घराचं लाकूड त्यांनी कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. त्याच्या पाच फळ्या निघाल्या.

चित्र काढायला मी त्यांच्या तांड्यावर गेले ते पुढच्या हिवाळ्यात. तांड्यामागे एक टेकाड आहे. तिथून खाली पऱ्हाटीचं वावर, त्यापलीकडे धरणाच्या पाण्याची पट्टी आणि मागे सागाचे डोंगर दिसतात. जानेवारीचे दिवस होते. कापूस वेचून झालेला, नुसत्या काळ्या पऱ्हाट्या उभ्या, आणि त्यांच्या कमरेपर्यंत धुकं. ते मला पुस्तकातल्या पानासारखं दिसलं. मी सकाळभर काढत बसले. त्यांची बायको मधून मधून येऊन माझ्या खांद्यावरून पाहून जायची आणि आपसात ते दोघं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी बोलायचे.

ते एक चित्र व्हायला दोन हिवाळे गेले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते यायचे, आणि आम्ही संध्याकाळच्या एसटीपर्यंत बसायचो. पऱ्हाट्यांच्या रेषा कोरतानाच त्यांचा उरलेला पहिला हिवाळा गेला. माझ्या पेन्सिलीने मी त्या सहज ओढल्या होत्या, पाच मिनिटांत. त्यांना एकेक काडी लाकडातून सोडवावी लागली. छत्रीच्या काडीपासून त्यांनी स्वतः पटाशा घासून घेतल्या होत्या. एकदा एक फांदी तुटली तेव्हा त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतलं नाही. मी म्हटलं, एक फांदी कमी झाली तर कुणाला कळणार आहे. ते म्हणाले, "मले कळते ना."

छापायचं काम मी करायचे. भाताच्या खळीत रंग कालवायचा, ओलसर कागद फळीच्या कोपऱ्यातल्या खाचेला टेकवून ठेवायचा आणि पाठीवरून घासायचं. घासायला ते बांबूच्या कोंबावरची साल घेऊन आले, मी तिच्यात सुतळीची चकती गुंडाळली. आभाळ वरून निळं आणि खाली येता येता पांढरं व्हायला हवं होतं. ते मला साधेना. कितीतरी कागद वाया गेले. शेवटी एका शनिवारी ते जमलं. दोरीवर वाळत घातलेल्या कागदांखाली उभं राहून त्यांनी एवढंच म्हटलं की आता धुकं थंड लागून राह्यलं. चांगल्या अशा वीस प्रती निघाल्या.

त्याच वर्षी नागपूरला एक प्रदर्शन होतं. मी चित्र पाठवलं आणि ते निवडलं गेलं. अर्जात 'कलावंताचे नाव' अशी एकच ओळ होती. मी तिथे माझं नाव लिहिलं. दुसरी ओळ नव्हती, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण समासात जागा होती, आणि लिहिताना मला त्यांची आठवण आली होती, हे मी नाकारू शकत नाही. एक क्षण पेन थांबलं. मग मला वाटलं की दोन नावं लिहिली तर परीक्षकांना हे हस्तकलेचं काम वाटेल. मी अर्ज पाकिटात घातला.

निवड झाल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रदर्शनाची जागा आणि दिवस दोनदा विचारून घेतला. ते येतील असं माझ्या मनातही आलं नाही. दिग्रसहून यवतमाळ, तिथून नागपूर, म्हणजे अर्धा दिवस एसटीत.

ते दुपारी आले. पांढरं धोतर, नवा सदरा. सोबत बायको आणि धाकटा भाऊ. बायकोने ठेवणीतली, आरसे जडवलेली काचोळी आणि घागरा घातला होता, आणि दालनातली माणसं चित्रं सोडून तिच्याकडे पाहत होती. मी तेव्हा आयोजकांपैकी एका बाईंशी बोलत होते. तिघं चित्रापुढे जाऊन उभे राहिले. दोघांना वाचता येत नव्हतं, भावाला येत होतं. त्याने खालच्या कार्डावरचं मोठ्याने वाचलं. चित्राचं शीर्षक, लाकडी ठसा, माझं नाव. मग त्याने कार्डाच्या खाली पाहिलं, बाजूला पाहिलं, पुन्हा तेच वाचलं. मिस्त्री चित्रातल्या पऱ्हाट्यांकडे पाहत होते.

आयोजक बाईंनी मला हळूच विचारलं, हे लोक कोण.

मी म्हटलं, "आमच्या शाळेचे मिस्त्री आहेत."

मी हे हळू बोलले नव्हते. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं आणि मला नमस्कार केला, शाळेच्या फाटकाशी करायचे तसाच. मी त्यांना चहाला थांबवायला गेले तर परतीची गाडी निघून जाईल म्हणाले. ती गाडी संध्याकाळची होती, मला माहीत होतं.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी शाळा सुटायच्या आधीच आले, व्हरांड्यातच उभे राहिले आणि फळ्या मागितल्या. लाकूड त्यांचं होतं, त्यात वाद नव्हता. मी पाचही फळ्या धुऊन, पुसून दिल्या. मला बोलायचं होतं. अर्जात जागा नव्हती असं काहीतरी मी सुरूही केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे मॅडम. लेकरं वाट पाहून राह्यली, वर्गात जा." फळ्या त्यांनी पोत्यात बांधल्या आणि सायकलला लावल्या.

मी आयोजकांना फोन केला. प्रदर्शनाची पुस्तिका छापून गेली होती. चौदा प्रती विकल्या जाऊन लोकांच्या घरी गेल्या होत्या, कुणाच्या ते मला सांगता येत नव्हतं. उरलेल्या सहा प्रतींवर मी माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव पेन्सिलीने लिहिलं. एवढं करून मी गप्प बसले, आणि त्यातच तीन वर्षं गेली. बाजाराच्या दिवशी ते दुरून दिसायचे. मी रस्ता बदलायचे की ते, हे आता सांगता येत नाही.

मग शाळेच्या शिपायाकडून कळलं की त्यांना लकवा मारला, उजवा हात गेला. मी एक प्रत घेऊन तांड्यावर गेले.

ते अंगणात बाजेवर बसले होते. हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बायकोने पाणी दिलं आणि आत निघून गेली. मी चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि नाव कुठे लिहिलंय ते दाखवलं. नात शाळेत जाणारी होती, तिने वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. मी माफी मागितली. मला वाटलं होतं की रडू येईल, आलं नाही. शब्द कोरडेच पडले.

त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द सोडवून बोलावा लागत होता.

"मी मिस्त्रीच आहो मॅडम. तुमी खोटं नाही बोलल्या. पण घरवालीले सांगतलं होतं म्या, की नागपूरले माहं नाव लागलं. साऱ्या तांड्याले सांगतलं होतं."

मी फळ्यांबद्दल विचारलं. नवीन प्रती काढू, दोन्ही नावं छापू, असं काहीतरी माझ्या मनात होतं. त्यांनी डाव्या हाताने घराच्या आत दाखवलं. भिंतीवर डबे ठेवायची मांडणी होती, पिवळ्या लाकडाची, सुरेख गुळगुळीत. त्यांनी फळ्यांवर रंधा मारला होता.

"पऱ्हाट्या पयले गेल्या," ते म्हणाले. "बारीक व्हत्या ना. रंध्याच्या एकाच हातात गेल्या."

त्यांच्या भावाने मला मोटरसायकलवरून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. फाट्यावर मी उतरले तेव्हा त्याने गाडी बंद केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पन आता येऊ नका. तुमचं नाव निघालं तरी दादा दोन दिवस जेवत नाही. आज तर तुमी समोर आल्या."

मी बरं म्हटलं. एसटी उशिरा आली. खिडकीशी बसले तर डावीकडे तेच टेकाड मागे जात होतं. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि वावर उघडं पडलं होतं.

मी पुन्हा गेले नाही. होळीनंतर ते वारले. मी तेव्हा चित्रकलेच्या परीक्षेचे पेपर तपासत होते. शिपायाने दारातून सांगितलं की सकाळीच सगळं आटोपलं. मी त्याला बरं म्हटलं आणि गठ्ठ्यातला पुढचा कागद घेतला. कुणीतरी निसर्गचित्र काढलं होतं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. त्याला किती गुण दिले ते मला आठवत नाही.